जनुकात एकच अक्षर बदललंय, मग दोघा भावांचं दुखणं वेगळं का? (सिकलसेल आणि रिडक्शनिझम)

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझे दोन मावसभाऊ आहेत, दोघांनाही सिकलसेल. वाहक नव्हे, पूर्ण रुग्ण, रिपोर्टवर एसएस लिहिलेलं. मोठा दादा शेती करतो, ट्रॅक्टर चालवतो, कधीमधी हातपाय दुखतात म्हणतो आणि गोळी घेऊन कामाला लागतो. धाकट्याचं मात्र निम्मं बालपण दवाखान्यात गेलं, रक्त चढवणं, न्यूमोनिया, आणि आता पंचविशीतच खुब्याचं हाड खराब झालंय. आईवडील तेच, गाव तेच, विहीर तीच.

आणि हा काही गूढ आजार नाही हो. उलट अख्ख्या जीवशास्त्रात सगळ्यात आधी मुळापर्यंत समजलेला आजार हाच. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि मंडळींनी दाखवलं की हा रेणूचा आजार आहे, रुग्णाचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. मग १९५६-५७ मध्ये इन्ग्रॅमने नेमकी जागा शोधली, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत एक अक्षर, जीएजीचं जीटीजी. कारण इतकं स्वच्छ सापडल्यावर खरं तर सगळं सांगता यायला हवं होतं ना? पण कुठल्या भावाला किती त्रास होईल हे लहानपणी एकाही डॉक्टरला सांगता आलं नाही.

आमचे जावई इंजिनियर आहेत, त्यांचं म्हणणं अजून डेटा आला की सांगता येईल, सगळं शेवटी रेणूच आहेत. मला ते पटत नाही पण नीट खोडताही येत नाही. मग सजीवाचे तुकडे करून समजून घ्यायचा जो मार्ग आहे (रिडक्शनिझम) त्याला कुठेतरी हद्द आहे, का नुसती आपली माहिती कमी पडतेय? जाणकारांनी लिहा.

टवाळ_तात्या
मी पयला! वाचनखूण साठवली आहे. जावयाशी वाद घालायला धागा काढणाऱ्या तुम्ही पहिल्याच नव्हे.

घातांक
वैनगंगाताई, मी भौतिकशास्त्रवाला, तेव्हा माझ्या बाजूने एक गोष्ट सांगतो जी शाळेच्या पुस्तकात कधीच येत नाही आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ते एक अक्षर बदलल्याने काय होतं, तर हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात आणि त्या दोऱ्यांमुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण दोरे लगेच बनत नाहीत, आधी काही काळ काहीच होत नाही आणि मग एकदम भडका उडतो. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा थांबण्याचा काळ मोजला आणि तो हिमोग्लोबिनच्या दाटपणावर कसा अवलंबून आहे ते पाहिलं. घात निघाला ३० च्या आसपास! वर्ग नाही, घन नाही, तिसावा घात. कॅल्क्युलेटर घ्या, १.०५ चा तिसावा घात काढा, चारच्या वर येतो. म्हणजे पेशीतलं पाणी थोडं कमी होऊन हिमोग्लोबिन पाच टक्के दाट झालं की दोरे बनायला लागणारा वेळ चौथाईवर येतो.

आता पेशीला केशवाहिनीतून पार व्हायला साधारण सेकंदभर लागतो. दोरे बनायच्या आत ती फुप्फुसाच्या दिशेने निसटली की वाचली, परत ऑक्सिजन मिळाला. नाही निसटली तर तिथेच वाकडी होऊन अडकली, तिच्यामागच्या पेशी खोळंबल्या, त्यांचाही ऑक्सिजन संपला, त्याही वाकड्या. म्हणजे आजार अक्षरात नाही, दोन वेळांच्या शर्यतीत आहे, आणि त्यातली एक वेळ तिसाव्या घाताने नाचते. अशा ठिकाणी इवल्याशा फरकाने दोन भाऊ दोन टोकांना जाणार नाहीत तर काय.

तेव्हा जावईबापूंना सांगा, सगळं रेणूच आहेत हे शंभर टक्के बरोबर, पण त्यावरून सगळं आधी सांगता येईल हे निघत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने १९७२ मध्येच हे लिहून ठेवलंय, मूळ नियमांपर्यंत उतरता येणं वेगळं आणि त्या नियमांवरून परत वर चढून जग उभं करता येणं वेगळं.

काळी_माती
तिसावा घात!! आमच्या शाळेत तिसऱ्या घातालाच अर्धा वर्ग बाहेर पडे.

चंद्रपूरचा_डॉक्टर
घातांक यांनी जे लिहिलं ते आम्ही उन्हाळ्यात ओपीडीत पाहतो फक्त आम्हाला घात माहीत नव्हता. आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला, माणूस शेतात आहे, पाणी कमी पडलं, की रात्री पेशंट वेदनेने तळमळत दाखल. सलाईन लावणं हा उपचाराचा पहिला भाग असतो तो याच्यासाठीच. थंडीतही तेच, ताप आला तरी तेच.

पण ताई, तुमच्या भावांमधला फरक नुसत्या पाण्याने होत नसणार. आणखी काय काय असतं ते सांगतो. एक म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबीएफ. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बंद होत जातं आणि मोठ्यांचं सुरू होतं. काही लोकांत ते पूर्ण बंद होत नाही. एचबीएफ त्या दोऱ्यात शिरत नाही, उलट मोडता घालतं. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच हे हेरलं होतं, की ही बाळं पहिले काही महिने ठणठणीत कशी राहतात, तर त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं म्हणून. पॉलिंगच्याही एक वर्ष आधी! आपल्याकडच्या रुग्णांत एचबीएफ आफ्रिकी रुग्णांपेक्षा सहसा बरंच जास्त सापडतं, त्यामुळे 'भारतातला सिकलसेल सौम्य' असं पुस्तकात वाचायला मिळतं. विदर्भात काम करणाऱ्याला विचारा किती सौम्य ते. सरासरी सौम्य असेल हो, पण समोर बसलेला माणूस सरासरी नसतो.

दुसरं अल्फा थॅलसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याचा जनुकीय दोष, तो आदिवासी समाजांत बराच आहे आणि सोबत असला की आजाराचं रूप बदलतं. रक्त कमी मोडतं, ॲनिमिया कमी होतो. मात्र वेदना कमी होतातच असं नाही, हाडाचा त्रास तर काही वेळा जास्तच, कारण तांबड्या पेशी जास्त टिकल्या म्हणजे रक्त घट्टही जास्त. एकच गोष्ट एका अवयवाला तारक आणि दुसऱ्याला मारक.

तिसरं, पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर किती चिकट आहे ते. चौथं, प्लीहा कितपत शाबूत आहे. पाचवं, गावापासून दवाखाना किती लांब आहे. हे पाचवं रेणूशास्त्रात बसत नाही.

पेशीबद्ध
जर्मनीहून लिहितोय, रोजचं कामच पेशी आणि जनुकं. धागा छान आहे पण आत्तापासूनच रिडक्शनिझमची तिरडी बांधायला घेतली आहे म्हणून दोन शब्द.

डॉक्टरांनी जी यादी दिली ती कुठून आली? एचबीएफ, अल्फा थॅलसेमिया, चिकटपणा, ही प्रत्येक गोष्ट कुणीतरी तुकडा वेगळा काढून, परीक्षानळीत ठेवून, मोजून शोधलेली आहे. घातांकसाहेबांचा तिसावा घात तर शुद्ध द्रावणात मोजलाय, पेशीसुद्धा नव्हती तिथे! 'संपूर्णाकडे बघा' म्हणणाऱ्यांनी यातलं काय शोधलं ते मला दाखवा. रिडक्शनिझम अपुरा आहे म्हणताना आपण त्याच्याच खांद्यावर बसलेलो असतो.

निसर्गवेध
@पेशीबद्ध, तुमच्या पाश्चात्य विज्ञानाला जे आता कळतंय ते आपल्याकडे आधीपासून होतंच की. प्रकृती, दोष, देश, काळ, सगळं एकत्र पाहायचं. एकाच रोगाला दोन माणसांत दोन उपचार. यालाच तुम्ही आता कॉम्प्लेक्सिटी (गुंतागुंतीचं शास्त्र) म्हणता.

पेशीबद्ध
दोन माणसं वेगळी असतात हे माझ्या आजीलाही माहीत होतं, त्यासाठी ग्रंथ लागत नाही. कशी वेगळी, किती वेगळी आणि त्यावर काय केलं की काय होतं हे सांगता आलं तर बोलू. हा आजार असलेली मुलं पूर्वी पाच वर्षांच्या आत जंतुसंसर्गाने जायची. १९८६ मध्ये अमेरिकेत लहान मुलांना नियमित पेनिसिलिन देऊन पाहिलं तर न्यूमोकॉकस या जंतूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. कुणाची प्रकृती पाहिली नव्हती, सगळ्यांना एकच औषध.

टवाळ_तात्या
झालं, आयुर्वेद आला. आता पुष्पक विमान यायला किती प्रतिसाद लागतात त्यावर माझी पैज, मी अकरा म्हणतो.

संपादक मंडळ
उपचारपद्धतींचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा ही विनंती. विमानांचाही.

चित्रगुप्ता
मला या विषयातलं शून्य कळतं पण जीवशास्त्रज्ञ हॅल्डेनचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून आले. सिकलसेलचं जनुक टिकून राहिलं ते मलेरियामुळे ना? म्हणजे ज्याच्यात एकच प्रत बिघडलेली आहे त्याला मलेरियापासून संरक्षण. तो विचार मूळ हॅल्डेनचा आणि हॅल्डेन तर शेवटी भारतात येऊन भुवनेश्वरला वारले.

घातांक
बरोबर, हॅल्डेनने १९४९ मध्ये ते थॅलसेमियाबद्दल म्हटलं होतं आणि सिकलसेलबद्दल पुरावा ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिला. आणि तुम्ही नकळत धाग्याच्या मुद्द्यावरच बोट ठेवलंत बघा. सिकलचं वाहक असणं मलेरियापासून वाचवतं. अल्फा थॅलसेमियाही मलेरियापासून वाचवतो. मग ज्या मुलात दोन्ही आहेत त्याला दुप्पट संरक्षण असायला हवं. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीला पाहणी झाली, २००५ मध्ये निकाल आला, तर दोन्ही एकत्र असले की संरक्षण जवळपास गायब. एक अधिक एक बरोबर शून्य.

टवाळ_तात्या
म्हणजे दोन आचारी, दोघंही नावाजलेले, एका मांडवात आणले की वरण करपलं.

घातांक
तात्या, पाठ्यपुस्तक लिहा आता. अगदी तसंच. आणि हे आचारी एकेकटे कितीही वर्षं अभ्यासले तरी करपणार हे कळणार नाही, दोघांना एकत्र उभं केल्याशिवाय गत्यंतर नाही. जीवशास्त्रात अशी वीस हजार जनुकं आहेत, जोड्याच वीस कोटींच्या घरात जातात, तिघांचे गट तर सोडाच.

पेशीबद्ध
यीस्टमध्ये केलंय की हे. साधारण सहा हजार जनुकं, एकेक काढलं तर जेमतेम पाचव्या हिश्श्याच्याच वेळी यीस्ट मरतं, बाकी वेळी खुशाल जगतं. म्हणून मग टोरोंटोवाल्यांनी जोड्या काढायला घेतल्या, दोन कोटींहून जास्त जोड्या तपासल्या, २०१६ मध्ये तो नकाशा छापून आला, सुमारे नऊ लाख ठिकाणी जोडीचा परिणाम बेरजेपेक्षा वेगळा. कुणी हात टेकले नाहीत, यंत्रमानव लावून मोजलं. आणि याच कल्पनेतून बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणारं जनुक) बिघडलेल्या कॅन्सरवरची औषधं निघाली, एक दुरुस्तीचा रस्ता आधीच बंद असलेल्या पेशीचा दुसराही बंद केला की ती मरते, निरोगी पेशी तरते. २०१४ पासून वापरात आहेत.

मला म्हणायचंय ते इतकंच, की गुंतागुंत आहे हे मान्य, पण ती मोजायची अवजारं तीच आहेत.

खिळेमोळे
मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मला इथे एक किस्सा (खरा) आठवला. २०१७ मध्ये जोनास आणि कॉर्डिंग या दोघांनी एक जुना मायक्रोप्रोसेसर घेतला, ६५०२, साडेतीन हजाराच्या आसपास ट्रान्झिस्टरवाला, आणि मेंदूवाले लोक ज्या पद्धती वापरतात त्या सगळ्या त्याच्यावर चालवल्या. म्हणजे एकेक ट्रान्झिस्टर बंद पाडायचा आणि कुठला व्हिडिओ गेम बंद पडतो ते बघायचं. काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते काढले तर फक्त डाँकी काँगच बंद पडतो! मग काय, 'डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर' सापडला म्हणायचं? वर्तमानपत्रात 'अमुक रोगाचं जनुक सापडलं' वाचलं की मला तेच आठवतं. त्या चिपची प्रत्येक तार माहीत होती, मनुष्यानेच बनवलेली, तरी या पद्धतींनी ती कशी चालते ते उलगडलं नाही.

काळी_माती
काहून बे, म्हणजे उंचीचं जनुक, बुद्धीचं जनुक, सारं डाँकी काँगच का?

खिळेमोळे
उंचीचं तर भारी आहे. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डेटा एकत्र केला, उंचीशी संबंधित १२ हजारांहून जास्त जागा निघाल्या. बारा हजार! आणि ते सगळं मिळून युरोपीय वंशाच्या लोकांत फरकाचा ४० टक्के भाग सांगता येतो, बाकी वंशांत त्याहून कमी. आमच्या आजोबांनी आईबापाकडे बघून पोराची उंची जवळपास तितकीच सांगितली असती.

संशयी_मनुष्य
सगळे कॉम्प्लेक्सिटीच्या नावाने आरत्या ओवाळतायत म्हणून मी खडा टाकतो. 'इमर्जन्स' (सुट्या भागांत नसलेलं काहीतरी ते एकत्र आल्यावर उगवतं म्हणे) हा शब्द मला नेहमी अज्ञानाला घातलेला कोट वाटत आलाय. १९८४ ला अमेरिकेत कॉम्प्लेक्सिटीच्या अभ्यासासाठी सांता फे इन्स्टिट्यूट निघाली तेव्हापासून ऐकतोय की शेअर बाजार, मुंग्या, पेशी, मेंदू, सगळ्यांचे समान नियम सापडणार. कुठायत? १९९९ पासून सांगत होते की निसर्गातली सगळी जाळी एकाच साच्याची, थोड्या गाठींना प्रचंड जोडण्या वगैरे, पेशीतलं प्रथिनांचं जाळंही तसंच. मग २०१९ मध्ये जवळपास हजार जाळी नीट सांख्यिकी लावून तपासली तर पक्का पुरावा असलेली निघाली चार टक्के. म्हणजे रिडक्शनवाले तुकडे करून फसतात आणि हे लोक न कापता फसतात.

घातांकचा तिसावा घात मला आवडला, पण ते कॉम्प्लेक्सिटी नाही, ते साधं रसायनशास्त्र आहे.

घातांक
साधं रसायनशास्त्रच, कबूल. माझा आक्षेप लेबलला नाहीच. मुद्दा हा की त्या रसायनशास्त्राचं उत्तर रक्तवाहिनीची रुंदी, पेशीतलं पाणी, रक्ताचा वेग यांच्याशी गाठ पडल्याशिवाय मिळत नाही, आणि त्या गोष्टी हिमोग्लोबिनच्या रेणूत लिहिलेल्या नाहीत. तुम्ही त्याला हवं ते नाव द्या.

मीनाक्षी_पुणे
मी सांख्यिकी शिकवते. जावईबापूंच्या 'अजून डेटा आला की कळेल' बद्दल. जमैकामध्ये सिकलसेल असलेल्या एकसारख्या जुळ्यांची एक छोटी पाहणी झाली होती, २००५ ची. म्हणजे फक्त ते एक अक्षर नव्हे, सगळी तीन अब्ज अक्षरं सारखी. वाढ, रक्ताचे आकडे हे बरेच जुळले. पण वेदनेचे झटके कुणाला किती हे जुळलं नाही. मोजकीच जुळी होती, तेव्हा फार ताणू नये, पण जनुकांचा कितीही डेटा वाढवला तरी इथून पुढे तो संपणारच ना, सगळी अक्षरं तर आधीच सारखी आहेत. उरलेलं एकतर आयुष्यात घडलेलं आहे नाहीतर निव्वळ योगायोग. एखाद्या केशवाहिनीत एके दिवशी पेशी अडकली, तिथलं अस्तर दुखावलं, पुढच्या वेळी तिथेच अडकणं सोपं झालं. असं एकदा सुरू झालं की फरक वाढतच जातो. त्याचं खापर जनुकावर किंवा खाण्यावर फोडायला जागा नसते.

वैनगंगाकाठ
मीनाक्षीताई, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. मावशीला सगळे विचारतात, धाकट्याला नीट खाऊ घातलं नाही का म्हणून.

चंद्रपूरचा_डॉक्टर
मावशींना माझ्याकडून सांगा की त्यांचा काहीही दोष नाही, आणि विचारणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

आता एक औषधाची गोष्ट लिहितो, कारण या धाग्यावर ती नाही आली तर धागा अपुरा राहील. व्हॉक्सेलोटर. तर्क इतका सुंदर की कुणालाही पटावा. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिनच दोरे बनवतं ना? मग हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावणारा रेणू द्या, दोरे बनणारच नाहीत. मुळावर घाव. चाचणीत हिमोग्लोबिन एक ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, रक्त मोडणं कमी झालं, त्या आकड्यांवर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. वेदनेचे झटके मात्र तितके कमी झाले नव्हते, पण सगळ्यांना वाटलं पुढे होतील. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून औषध मागे घेतलं, औषध घेणाऱ्यांत झटके आणि मृत्यू जास्त दिसत होते म्हणून. का, यावर अजून वाद आहे. धरून ठेवलेला ऑक्सिजन पेशींना मिळतच नाही म्हणून, रक्त घट्ट झालं म्हणून, की आणखी काही.

आणि दुसरीकडे आपलं जुनं हायड्रॉक्सियुरिया, मूळ कॅन्सरचं औषध, ढोबळ, स्वस्त. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत झटके वर्षाला साधारण साडेचारवरून अडीचवर आले आणि चाचणी वेळेआधी थांबवली कारण फायदा स्पष्ट होता. दिलं होतं एचबीएफ वाढावं म्हणून. ते वाढतंच, पण पांढऱ्या पेशीही कमी होतात, तांबड्या पेशी मोठ्या आणि पाणीदार होतात, चिकटपणा घटतो. एचबीएफ फारसं वाढायच्या आधीच काही पेशंट सांगतात की बरं वाटतंय. नेमक्या ठिकाणी मारलेला बाण चुकला आणि चार ठिकाणी थोडं थोडं ढकलणारं औषध तीस वर्षं टिकलं.

पेशीबद्ध
डॉक्टर, व्हॉक्सेलोटरचं मान्य, पण मग दुसऱ्या बाजूची गोष्टही सांगायला हवी. २००७-०८ मध्ये ज्यांच्यात मोठेपणीही एचबीएफ जास्त राहतं अशा लोकांचे जनुकसंच चाळले तर बीसीएल११ए नावाचं जनुक पुढे आलं. ते लिम्फोमाच्या संदर्भात माहीत होतं, हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते निघालं एचबीएफचा ब्रेक. ब्रेक काढला की गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत क्रिस्परवरचा (जनुकं कापायची कात्री) पहिला उपचार मंजूर झाला तो हाच. पुरेसा काळ नजरेखाली असलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना वर्षभर मोठा झटका आला नाही. हा रिडक्शनिझमचा विजय नाही तर काय आहे?

घातांक
थांबा थांबा, यात ते मूळ अक्षर दुरुस्त केलं का?

पेशीबद्ध
नाही. ते तसंच आहे.

घातांक
मग झालं की! एकोणपन्नास सालापासून ज्या अक्षराकडे बोट दाखवतोय त्याला या उपचारात हातच लावला नाही, तिसऱ्याच गुणसूत्रावरचा कुठला तरी ब्रेक काढला.

पेशीबद्ध
दुसऱ्या गुणसूत्रावर आहे तो 😄 आणि बीटा ग्लोबिन अकराव्या. पण तुमचा मुद्दा पोचला. त्याहून पुढचं सांगतो जे तुमच्याच बाजूला जातं. बीसीएल११ए पूर्ण मोडता येत नाही, कारण तेच जनुक मेंदूच्या वाढीत आणि बी पेशी बनवण्यात लागतं. म्हणून कात्री जनुकावर चालवलीच नाही, त्याच्यातला एक छोटा नियंत्रक तुकडा, जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात ते जनुक चालू ठेवतो, तेवढाच मोडला. आमच्या लॅबमध्ये मी हेच सांगत असतो, कुठल्या जनुकाला हात लावायचा याच्याइतकंच तो कुठल्या पेशीत लावायचा हे महत्त्वाचं. याला तुम्ही रिडक्शनिझम म्हणा नाहीतर त्याची हद्द म्हणा, मी प्रयोग असाच करणार.

संशयी_मनुष्य
आणि किंमत?

पेशीबद्ध
अमेरिकेत २२ लाख डॉलर. शिवाय आधी केमोने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, मूल होण्याची क्षमता जाण्याची भीती असते.

काळी_माती
बावीस लाख डॉलर. आमच्या तालुक्यात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या संपल्या की दोन दोन महिने येत नाहीत. ब्रेक सापडला, गाडी कुठंय?

विदर्भकन्या
काळी माती +१. मी आशाताईंसोबत गावोगाव तपासणीच्या कामात असते. जुलै २०२३ मध्ये शहडोलला राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली, सात कोटी लोकांची तपासणी. आमच्या कामात एवढंच समजवायचं असतं की दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण बाळाची. त्या एका अक्षराचं ज्ञान इथे पूर्ण पुरतं बरं का, तिथे कुठलीही गुंतागुंत नाही. गुंतागुंत दुसरीकडे आहे. वाहक मुलगी ठणठणीत असते, तिला कसलाही आजार नसतो, तरी तपासणीचं कार्ड हातात पडलं की स्थळं यायची थांबतात. मुलग्याचं कार्ड कुणी मागतच नाही. रेणूपासून चालत आलात तर या ठिकाणी कधी पोचणार सांगा.

चित्रगुप्ता
विदर्भकन्या, यावर वेगळा धागा काढाच.

टवाळ_तात्या
अकरा झाले, विमान आलं नाही, पैज हरलो. पण धागा पहिल्या नंबरचा झालाय राव.

वैनगंगाकाठ
सगळ्यांचे आभार, जावयांना लिंक पाठवली, ते म्हणतात 'तिसावा घात म्हणजे डेटा अजून जास्त लागेल' 🙏 असो.

एक राहिलंच, डॉक्टर. मोठ्या दादाची बायको वाहक आहे, लग्नाआधी तपासलं नव्हतं. आता त्यांचं बाळ झालंय आणि रिपोर्ट एसएस आला. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, हा बापासारखा होईल की काकासारखा? कुणीतरी सांगितलं की महागडी जनुक तपासणी करून कळतं.

चंद्रपूरचा_डॉक्टर
ताई, ती तपासणी आत्ता करू नका. वर मीनाक्षीताईंनी लिहिलंय ते पुन्हा वाचा, सगळी अक्षरं वाचूनही तेवढं सांगता येत नाही, पैसे मात्र जातील.

एचबीएफचा आकडाही आत्ता पाहून उपयोग नाही, बाळाचं ते जास्तच असणार. आपल्याकडच्या मुलांत ते सावकाश उतरतं, दोन वर्षांनंतर पुन्हा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करा, तो आकडा थोडाफार काही सांगेल. थोडाफारच.

त्याऐवजी हे करा. पेनिसिलिन दिवसातून दोनदा, तिसऱ्या महिन्याच्या आत सुरू आणि पाच वर्षांचा होईपर्यंत न चुकता. न्यूमोकॉकसची लस. ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. आईला प्लीहा हाताने चाचपायला शिकवा, पोटाच्या डाव्या बाजूला, ती एकदम मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं तर धावत या. हायड्रॉक्सियुरिया नऊ महिन्यांनंतर सुरू करायचं का ते तेव्हा बसून ठरवू. बापासारखा का काकासारखा हे न कळताही यातलं सगळं करता येतं.

वैनगंगाकाठ
प्लीहा कशी चाचपायची ते वहिनीला व्हिडिओ कॉलवर दाखवता येईल का? मंगळवारी चालेल?

चंद्रपूरचा_डॉक्टर
व्हिडिओवर नको, हात धरून शिकवावं लागतं. मंगळवारी बाळाला घेऊनच या, सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत.